वैशाखातलं पाणी

संस्थेच्या आसावरीने वर्षभर पाड्यावरच्या बायकांना शिकवलं, की डोंगरावर चर खणा, गवत राखा, झरा टिकेल; आणि आलेलं पाणी वाटून प्या. शाळेतल्या पोरांनी रोपं लावली. खर्च संस्थेची भागीदार असलेल्या शीतपेय कंपनीने उचलला. आणि या वैशाखात पहिल्यांदाच झरा आटला नाही.

वार्षिक मेळाव्यात तिने हे अभिमानाने सांगितलं. टाळ्या थांबल्यावर कंपनीचे साहेब जवळ आले. "ऐन उन्हाळ्यात? किती येतं पाणी?" ती भरभरून बोलत राहिली. साहेब नुसती मान डोलावत होते.

पंधरवड्याने ती पाड्यावर गेली, तर झऱ्यापाशी कंपनीची गाडी उभी. गाडीत मांडीएवढे जाड पाइप होते आणि दोन माणसं खुंट्या ठोकत होती.

पाड्यावरची सोमी लगबगीने पुढे आली. "ताई, तुमचेच पाव्हणे ना? मंग वाट आमीच दावली. चहा बी पाजला."

आसावरीने तिला बाजूला घेतलं. "सोमी, हे सगळं पाणी उचलून नेतील गं."

सोमी मनापासून हसली. "नेऊंदे की. पाणी वाटून प्यावं, तुमीच तर शिकवलंय."