शंभूची ट्रंक

पडद्यावर त्या शिपायाची ट्रंक सगळ्यांदेखत पालथी केली गेली आणि हवालदार बब्रुवान खुर्चीत अवघडले.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झाल्यावर ईट गावच्या शाळेनं युद्धाचा सिनेमा लावला होता. खिडक्यांना चादरी बांधून वर्गात अंधार केलेला. पुढच्या दोन खुर्च्या मानाच्या. एकीवर बब्रुवान, दुसरीवर त्यांच्याच पलटणीतल्या, आता हयात नसलेल्या शंभू काळेची बायको नागूबाई. सिनेमातला शिपाईही शंभूसारखाच पारधी. बराकीत कुणाचं काही हरवलं की आधी त्याची झडती.

पुढं तोच शिपाई जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन निघाला, तशा पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोंबडी हरवली तरी आधी पारध्यांच्या पालावर जाणारं गाव टाळ्या पिटत होतं. असो, टाळ्या तरी वाजल्या.

नागूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "भाऊ, आमच्या मालकांशी बी तिथं असंच वागले व्हते का? कधी बोलले न्हाईत."

न्हाय म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ज्याच्या पाठीवरून आपण जिवंत उतरलो, त्याच्या बायकोशी खोटं बोलायला बब्रुवानांची जीभ वळेना.

त्यांनी सगळं सांगितलं. नवी वस्तू वापरायच्या आधी देवीपुढं ठेवायची, ही घरची रीत. नवं घड्याळ त्यांनी पलटणीच्या देवळात भवानीच्या तसबिरीपुढं ठेवलं आणि साफ विसरले. सापडेना तेव्हा बोट दाखवलं शंभूकडं. त्याची ट्रंक उपसली गेली. दुसऱ्या दिवशी देवळातल्या पंडितजींनी घड्याळ आणून दिलं. माफी मागायची राहिली, ती राहिलीच. दोन महिन्यांनी पाय मोडून बर्फात पडलेल्या बब्रुवानांना उचललं ते शंभूनंच.

"वहिनी, त्याच्यामुळं म्या हाय, माझी लेकरं हायती. रोज सकाळी उठलो की आधी त्याची आठवण काढतो," ते म्हणाले. "अन् त्याची ट्रंक म्याच उघडायला लावली व्हती."



"सुट्टीवर आले की तुमचंच सांगायचे," नागूबाई म्हणाल्या. "बब्रुवान हाय म्हणून तिथं परकं वाटत न्हाय, म्हणायचे. आमच्या घरात तुमचं नाव लई चांगलं हाय, भाऊ. ते तसंच ऱ्हाऊ द्या."