बर्फाची बादली

बाबांनी पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर बर्फाच्या बादलीतून काढला, तोंडात धरला आणि सावकाश श्वास घेतला. सकाळपासूनची ही विसावी खेप.

"दाजी, एवढं तर डॉक्टरही पेशंटला तपासत नाही," मामा म्हणाला. तोही पाणबुड्याचा पोशाख घालून तळ्याच्या धक्क्यावर बसला होता. काही बिघडलंच तर पाण्यात उतरायचं काम त्याचं.

लेकीला हसू आलं नाही. बाबांसारखीच पाण्यात उतरणारी आई मागच्या हिवाळ्यात याच धक्क्याशी बुडून गेली. लेक तेव्हा शिकायला दूर होती. रेग्युलेटर गोठला, हवा भसाभसा निघून गेली, एवढंच तिला सांगण्यात आलं होतं.

परवा बाबा धरणाच्या तळाशी दरवाजा दुरुस्त करायला उतरणार होते. नव्या सामानावर तिथे जीव सोपवायचा तर आधी ते इथल्या गार पाण्यात पारखून घ्यायला हवं. बाबांच्या कमरेला बांधलेला दोर लेकीनं धरायचा. नियम बाबांनी तिच्याकडून घोकून घेतले होते. वरून एक हिसका द्यायचा, खालून एक आला म्हणजे ठीक. उत्तर आलं नाही तर ओढून घ्यायचं. दोर रिकामा आला तर मामाला हाक मारायची. काही झालं तरी दोर धरणाऱ्यानं पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

बाबा उतरले. लेक काठावरून वाकली आणि बघतच राहिली. पाणी इतकं नितळ की बाबांच्या दिव्यापुढे तळाचे खडक एकेक करून जागे होत होते. केवढं मोठं जग आपल्या पायाखाली होतं. आई रोज हे बघायची आणि घरी येऊन मुकाट भाजी चिरायला बसायची.

तिनं हिसका दिला. उत्तर आलं. पुन्हा दिला. आलं.

दिवा धक्क्याच्या सावलीत शिरला आणि दिसेनासा झाला.

तिनं हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. तिनं दोर ओढायला घेतला. तो हलका लागत होता. टोक वर आलं, नुसतंच.

पायातले बूट कधी निघाले तिलाच कळलं नाही. एक पाय काठाबाहेर गेला होता. तिनं खांबाला मिठी मारली आणि मामाला हाक घातली.

मामा जागचा हलला नाही. तो शिडीकडे बघत होता.

शिडीवरून बाबा वर आले. फळ्यांवर बसले. बराच वेळ ते तिच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

"रेग्युलेटर गोठला का?" तिनं कसंबसं विचारलं.

"तो मी चार दिवसांपूर्वीच इथे उतरून पारखलाय."

"मग हे कशासाठी?"

बाबांनी ओल्या हातानं तोंड पुसलं.

"तुझ्या आईचं काही गोठलं नव्हतं, पोरी. त्या दिवशी पाण्यात मी होतो. दोर तिच्या हातात होता. तो रिकामा आला आणि तिनं तशीच उडी घेतली."