विहीणबाईंचा पदर

“बाई गं, पुन्हा?” फोन ठेवून कुमुदमावशीने हातातल्या बाहुलीची साडी उसवायला घेतली.

भाचीच्या रुखवतात तिने अख्खं लग्नच मांडायला घेतलं होतं, क्रोशाने विणलेले कपडे घातलेल्या बाहुल्यांचं. नवरीच्या शालूपासून भटजींच्या उपरण्यापर्यंत सगळं झालं होतं. अडलं होतं ते नवऱ्या मुलाच्या आईपाशी. लग्नात त्या नेसतील तीच साडी बाहुलीला हवी, आणि त्यांचा रंग काही ठरेना. आधी मोरपंखी, मग डाळिंबी, आता म्हणे हिरवी. मावशी उसवायची आणि पुन्हा विणायची. बाहुलीची कंबर मात्र तिने पहिल्यापासूनच बारीक ठेवली होती. मुलीकडच्यांना एवढा पोच हवाच.

लग्नाच्या सकाळी विहीणबाई कार्यालयात आल्या त्या जांभळ्या साडीत! सरळ रुखवतापाशी येऊन त्यांनी हिरवी बाहुली उचलली.

“ही मी?”

“हो, तुम्हीच,” मावशी कशीबशी म्हणाली.

विहीणबाईंनी बाहुली उलटसुलट करून पाहिली, जरीच्या दोऱ्याने विणलेल्या पदरावरून बोट फिरवलं आणि तिला घेऊन त्या तडक आपल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

“रुसल्या!” म्हणत नवरीचे वडील कॉफीचा कप घेऊन धावले. मावशीने मनातल्या मनात क्रोशाच्या सुईला शिव्या घातल्या.

तेवढ्यात दार उघडलं. बॅगेतली हिरवी साडी नेसून विहीणबाई उभ्या होत्या.

“मावशी, पदर अगदी हिच्यासारखा लावून द्या,” बाहुली पुढे धरत त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून पुटपुटल्या, “कंबर राहू दे.”