चाळीस मिनिटांचं विमान

"चाळीस मिनिटांचं तर विमान! बूड टेकतंय न टेकतंय तोच उतरायचं. बाबांना ऑक्सिजनचा एक सिलिंडर रग्गड झाला," दादा म्हणाला होता.

खाली नदीवरचा पूल दिसला. "दहा मिनिटांत उतरतोय," पायलटने सांगितलं.

बऱ्याच वेळाने पुन्हा तोच पूल, तेच वाक्य. मग पुन्हा. माझ्या घड्याळात मात्र एक मिनिटही सरलं नव्हतं. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत घुसला.

"अहो, अजून किती?"

"आलंच हं," एअर होस्टेस हसली. बाकीचे निवांत पेंगत होते.

"बाबा, हळू श्वास घ्या."

काटा शून्यावर टेकला. माझ्या मुठीतली बाबांची बोटं सैल पडली. त्याच क्षणी चाकं धावपट्टीला लागली.

फोन वाजला. दादा होता.

"उतरलात? बघ, बरोबर चाळीस मिनिटं. म्हटलं नव्हतं?"