वाफ्याखालची ऊब

सुनेने मातीतून थर्मामीटर काढला, आकडा पाहिला आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं. आजूबाजूची माती दहिवराने पांढरी पडली होती. जुन्या खिडकीच्या काचेखालचा हा एकच वाफा मात्र कोमट.

“बाबा, तुम्ही मुद्दाम इथेच वाफा केलात ना? खालून जुनी केबल जाते.”

“जाते म्हणजे? मीच पुरलीय ती,” सासरे म्हणाले. नोकरीभर त्यांनी दुसरं केलं काय होतं?

जुन्या केबलमधून वीज जाते तेव्हा थोडी उष्णता होऊन वाया जाते. त्या फुकटच्या उबेवर ऐन थंडीत सासूबाईंची टोमॅटोची रोपं तरारत. अर्धांगाच्या झटक्यानंतर सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. सासऱ्यांनी त्यांना बळेच उठवलं, लुळ्या हातात बी दिलं. ते उगवलं. ‘हिच्या हाताला गुण आहे’ अशी त्यांनी गल्लीभर टिमकी वाजवली, ती अजून थांबलेली नाही. तेव्हापासून रोज सकाळी दोघं वाफ्यावर.

उद्या सून ती केबल बंद करणार होती. नव्या सुपरकंडक्टर केबलसाठी ती कित्येक वर्षं राबली होती. ही केबल द्रवरूप नायट्रोजनने इतकी थंड ठेवतात की वीज वाटेत कुठे अडतच नाही, त्यामुळे उष्णता नाही आणि नासाडीही नाही. पवनचक्क्यांची वीज जशीच्या तशी शहरात. सुनेला तिचा केवढा अभिमान! पण आत्ता तिला अगदी चोरासारखं झालं होतं.

“तिला बोलू नकोस,” सासरे म्हणाले. “हात अजून थरथरतो तिचा. रोपं उगवली नाहीत तर पुन्हा अंथरूण धरेल.”

सून आत गेली. सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. त्याच हाताने, भराभरा.

“उद्यापासून वाफा गार पडणार ना गं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“आई, तुम्हाला माहीत होतं?”

“केबलवाल्याशी जन्मभर संसार केला, एवढंही कळू नये?” सासूबाईंनी पुढची शेंग घेतली. “नोकरी संपली तसे हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. माझा हात गेला आणि हे उठले. आता त्यांना माझ्यासाठी करायला दुसरं काहीतरी काम शोधून दे बाई. मी बरी झाले, हे त्यांना कळता कामा नये.”