उजवी पाकळी

चहाच्या टोपावरचं झाकण खडखडलं आणि सेजल वाक्याच्या शेवटच्या शब्दापाशी थांबली.

हात लांब करून तिने गॅस बंद केला. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलमधून जर्मनच्या मॅडम तिच्याकडे बघत होत्या. पडद्यावर आजची गोष्ट होती, चार चित्रांची. शाळेचा पहिला दिवस. मुलीच्या हातात तिच्याएवढाच कागदी शंकू, आत चॉकलेटं आणि पेन्सिली. जर्मनीत तशी रीतच आहे. चौथ्या चित्रात आई फाटकाशी मुलीला सोडून निघते. गोष्ट जर्मनमध्ये सांगायची, भूतकाळात. चौथ्या चित्रातलं 'निघून गेली' तिच्या तोंडून आज तिसऱ्यांदाही आलं नव्हतं.

मंगळवारी पुण्याला तोंडी परीक्षा. पास झाली तर तिकडच्या इस्पितळात नर्सची नोकरी. आधी एकटीने जायचं. निदान दोन वर्षं ऋतिका इथेच राहणार, धारगळला, आजीपाशी.

पाच वर्षांची ऋतिका ओट्याखाली बसून जुन्या कॅलेंडरच्या पानाचा शंकू वळत होती.

"राहू दे गोष्ट," मॅडम जर्मनमध्ये म्हणाल्या. "तुमच्याकडची एखादी रीत सांगा. पाठ केलेली नको हं."

चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटोळी पाठ होती, फळाफळासकट. सेजलने दाराकडे बघितलं. सासू दोन वाजताच देवळात गेली होती. सकाळी गाडी काढताना नवरा, श्रीनाथ, एवढंच म्हणाला होता, "आईक पयलो प्रसाद घेवंदी. देव सांगात तसा करूया."

"आमच्याकडे प्रसाद लावून देवाला विचारतात," सेजल बोलू लागली. "मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. मग प्रश्न सांगतात. उजवीकडची पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही."

आश्चर्य म्हणजे कुठेही अडली नाही.

"छान. आणि सगळे ऐकतात देवाचं?"

"आमच्या घरात ऐकतात."

"तुम्ही कधी काय विचारलंत?"

"मी नाही. घरातलं मोठं माणूस विचारतं."

अंगणात रिक्षा थांबली. सेजलने मोबाईलचा आवाज बंद केला. सासू, शेवंती, चपला काढून थेट स्वयंपाकघरात आली. मुठीत प्रसादाची फुलं होती.

"सोपली काय गो तुझी मोबायलावरची गजाल?"

"काय झाला, आई?"

"उजवी दिल्यान देवान. लगेच. भटाक दुसऱ्यांदा पाणी शिपडूचा पण लागला नाय."

सेजलने वाकून सासूच्या पायांना हात लावला. शेवंतीने तिला उठवलं नाही.

"यांका फोन करतंय," सेजल डोळे पुसत म्हणाली.

"कर. पण आधी माजा आयकान घे." शेवंतीने फुलं देवाच्या फळीवर ठेवली, नीट, एकेक करून. "मी इचारलंय, सुनेन न जाता पोरीकडे हयच रवाचा काय?"

मोबाईलवर मॅडमचे ओठ हलत होते.

"आई, यांनी तुमका जावचा काय, असा इचारूक सांगलेल्यानी."

"देवाक नारळ कोणी ठेवलो? श्रीनाथान काय मी?" शेवंतीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुका तसा इचारूचा होता, तर माज्यावांगडा येवचा होता. चल म्हटलंय मी. दोनदा म्हटलंय. तू हय मोबायलाकडे तोंड करून बसलंस."

हे खरं होतं. दोनदा म्हटलं होतं. क्लास आहे, असं सेजलने सांगितलं होतं, आणि क्लास चारला होता.

"परत लावूक येता काय प्रसाद?" तिने विचारलं.

"देवाक कोर्ट समाजलंस? आज ह्या, फाल्यां त्या?" शेवंतीने टोपावरचं झाकण काढलं, थंड होत आलेला चहा बघितला आणि परत गॅस पेटवला. दोनदा काडी विझली.

ओट्याखालून ऋतिका बाहेर आली. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. तिने आईचा गाऊन ओढला.

"आई, तू गेलं असतंस देवळात, तर कसा इचारलं असतंस? जाव काय म्हणान, का रव काय म्हणान?"