मायाक्काचा परत मागवलेला आवाज

"मावशी, ही चिप गळ्यातच पेट घेईल," चिप बदलायला आलेला कंपनीचा नौशाद पुन्हा म्हणाला. "त्या खेपेतल्या सगळ्याच सदोष निघाल्यात. कंपनीनं परत मागवल्यात."

मायाक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. आजारानं तिचा आवाज गेला तेव्हा ही बोलकी चिप बसवली होती. पहिल्या दिवसापासून तिच्या शब्दांमागं तडकलेल्या घंटेची किणकिण यायची. नवरा हसायचा, पण माळावर पांगलेली मेंढरं त्याच किणकिणीला ओळखून धावत यायची.

"नव्या चिपंत ती खोड राहू दे की, लेका."

"खोडच काढायला आलोय, मावशी!"

"आन् मेंढरं काय तुझी कंपनी वळणार?"

नौशादनं नवी चिप बाहेर काढली. मायाक्कानं माळाकडं तोंड करून साद घातली, "या गं माझ्या बाया, सावलीला या!" कळप लोटत आला आणि तिच्या लुगड्याला अंग घासू लागला.

"आता बदल," ती म्हणाली. "ह्यांच्यातच."

गळ्याची झडप उघडली, चिप बदलली, झडप मिटली. मायाक्कानं हाक दिली. आवाज झऱ्यासारखा नितळ आला. मेंढरं दचकून मागं सरली, तिच्याभोवती मोकळं रिंगण पडलं.

पुन्हा हाक द्यायचा तिला धीर होईना. ती तिथंच खाली बसली आणि दोन्ही तळवे पुढं केले. म्होरकी मेंढी बराच वेळ बघत राहिली, मग मान लांबवून तळव्यांचा वास घेऊ लागली. मायाक्का अगदी हळू, तिच्या कानाशी बोलली, "मीच हाय गं."

मेंढीचा कान थरथरला, पण तिनं मान मागं घेतली नाही.